जुन्या दुर्बिणीतून गुरू दोन दिसतोय

प्रश्न: १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) जुनी दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर घेतली. गुरू एकाखाली एक दोन दिसतो, डोळे दुखतात. घरी दुरुस्त होईल?

उत्तर: बहुतेक होईल. एका बाजूचा फोकस बिघडवून ठळक तारा पाहा. दुसऱ्या बाजूचं टिंब त्या धूसर चकतीच्या मधोमध हवं. आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, वर-खालचा फारच कमी. पॉरो दुर्बिणीत (पुढची भिंगं डोळ्यांसमोरच्या भिंगांच्या सरळ रेषेत नसतात, ती) बहुधा रबरी आवरणाखाली, प्रिझमजवळ बारीक स्क्रू असतात. एकच स्क्रू केसभर फिरवा, पुन्हा तारा पाहा. प्रिझम मात्र काढू नका, कळकळीनं सांगते!

प्रश्नकर्ता: जमलं! पण नळ्या जवळ-लांब केल्या की पुन्हा बिघडतं.

उत्तर: म्हणजे नळ्या बिजागरीच्या अक्षाला समांतर नाहीत. ते कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही बाजू त्या अक्षाशी नीट जुळवणं, कारागिराकडूनच करून घ्या. तोवर तुमच्या डोळ्यांच्या अंतरावर ठेवून खुशाल कृत्तिका बघा.