माद्रिदहून शनिवार-रविवारच्या सहली : दोन दिवसांत तीन शहरं होतील का? मदत हवी आहे

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची. सप्टेंबरपासून माद्रिदमध्ये मास्टर्स करतेय. स्पेनमध्ये शिकलेले, राहिलेले बरेच जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतेय.

वर्गात आमचा पाच जणांचा छान गट जमलाय. एक मेक्सिकोची, एक इटालियन, दोघी कोरियन आणि मी. शुक्रवारी दुपारी तास संपतात, सोमवारी सकाळी नऊला पुन्हा वर्ग. मधले दोन दिवस फिरायचं असं सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. इथपर्यंत सगळं मनासारखं आहे.

पण पहिल्या मोठ्या सहलीचा बेत असा झालाय : शुक्रवारी रात्रीच्या बसने सेविया, शनिवारी दिवसभर सेविया, संध्याकाळी कोर्दोबा, रविवारी सकाळी उठून ग्रानादा, आणि रविवारी रात्रीच्या बसने परत. सोमवारी पहाटे माद्रिद, नऊला वर्ग. मेक्सिकोची मैत्रीण फक्त एका सेमिस्टरसाठी आलीय, तिला जमेल तितकं बघून घ्यायचंय. तिचंही चूक नाही. पण मला अल्हाम्ब्रा (ग्रानादाचा किल्ला-राजवाडा) बघायची इच्छा शाळेत असल्यापासून आहे आणि ती अशी धावतपळत उरकायची कल्पनाच सहन होत नाही. शिवाय शिक्षणासाठी कर्ज काढून आलेय, त्यामुळे प्रत्येक युरो मोजूनच खर्च करते. एकदा गेले की पुन्हा त्याच शहराला जाणं होईलच असं नाही.

तर हा बेत खरंच शक्य आहे का? नसेल तर माद्रिदहून दोन दिवसांत (किंवा एका दिवसात) नीट बघून होतील अशी ठिकाणं कोणती? आणि एक अडचण म्हणजे मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. माद्रिदमध्ये निभतं, बाहेरगावी काय करावं?

सह्यभ्रमर :

गोदाकाठ, मी नोकरीनिमित्त माद्रिदला राहून आलोय. तुमच्या बेताचा हिशोब मांडून बघा. सेविया ते कोर्दोबा वेगवान गाडीने पाऊण तास, तो काही प्रश्न नाही. कोर्दोबाहून ग्रानादा दीड तासाच्या आसपास, तेही ठीक. खरा वेळ जातो तो स्टेशनवरून मुक्कामी, मुक्कामावरून किल्ल्यावर, बॅगा कुठे ठेवायच्या, पाच जणांनी जेवायचं कुठे यात. त्यात एक रात्र बसमध्ये, एक रात्र जेमतेम झोप, पुन्हा एक रात्र बसमध्ये. कोर्दोबाला संध्याकाळी पोचलात तर तिथली मशीद-कॅथेड्रल बंद झालेली असेल आणि रविवारी सकाळी तुम्ही निघालेल्या असाल. म्हणजे ज्या वास्तूसाठी कोर्दोबाला जायचं तीच राहिली. माझं स्पष्ट मत, हा बेत करू नका.

त्यापेक्षा सुरुवात जवळून करा. तुमचं वय २६ च्या आत असेल तर तरुणांचा महिन्याचा वाहतूक पास (आबोनो होवेन) काढलेला असेलच. तो सगळ्या माद्रिद प्रांतात चालतो, लोकलगाड्यांतही. म्हणजे आल्काला दे एनारेस, आरान्हुएस, एल एस्कोरियाल ही तिन्ही ठिकाणं प्रवासखर्चाशिवाय होतात. आल्काला हे 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सर्व्हान्तेसचं गाव. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तिथे त्याच्या नावाने मोठा जुन्या काळाच्या धर्तीचा बाजार भरतो, गाव गजबजून जातं. एल एस्कोरियालचा मठ-राजवाडा स्पेनचा राजा दुसऱ्या फेलिपेने १५६३ ते १५८४ या काळात बांधून घेतला. तो सोमवारी बंद असतो, शनिवारी जा.

मग तोलेदो आणि सेगोव्हिया. प्रत्येकी एका दिवसात होतात असं सगळे सांगतात, पण तोलेदोला रात्र काढाच. तोलेदोची गाडी माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून साधारण अर्ध्या तासात पोचते, मात्र शनिवारची तिकिटं आधीच संपतात. नाही मिळाली तर माद्रिदमधल्याच प्लासा एलिप्तिकाहून बस आहे, तीही चांगली आणि स्वस्त. सेगोव्हियाला वेगवान गाडीने गेलात तर स्टेशन गावाबाहेर माळावर आहे, तिथून ११ नंबरची बस थेट जलवाहिनीपाशी सोडते. माद्रिदमधल्या मोन्क्लोआहून बसने गेलात तर सव्वा तास लागतो पण गावातच उतरता. गट मोठा असेल तर मी बसच सुचवेन.

सेगोव्हियाची ती रोमन जलवाहिनी लांबून तर सगळेच बघतात, तुम्ही जवळ जाऊन दगडाला हात लावा. चुना नाही, काही नाही, नुसते ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांच्या भाराने उभे आहेत, सर्वांत उंच जागी २८ मीटर. चिऱ्यांवर लहान लहान खळगे दिसतील. उचलताना लोखंडी चिमट्याची टोकं जिथे रुतवली त्या त्या खुणा आहेत. आपल्याकडे गडांच्या तटबंदीत सुट्या दगडांची बांधणी बघायची सवय असलेल्याला तिथून पाय निघत नाही.

रानजाई :

मी ग्रानादाला शिकलेय, त्यामुळे अल्हाम्ब्राबद्दल मीच लिहिते.

गोदाकाठ, तिथे "जाऊन बघू" असं चालत नाही. तिकिटं नावानिशी आणि पासपोर्ट नंबरानिशी मिळतात, आणि त्यातल्या नासरी घराण्याच्या राजवाड्यांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर ठरलेली असते. ती वेळ चुकली की राजवाडे गेले, बाकीचा परिसर तेवढा बघायचा. शनिवार-रविवारची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. मैत्रिणींना हे आधी सांग, कारण बसची तिकिटं काढून मग अल्हाम्ब्राची बघायला गेलात तर सगळाच बेत फिस्कटेल. आधी अल्हाम्ब्रा, मग प्रवास, मग हॉस्टेल, हाच क्रम. आणि मूळ पासपोर्ट जवळ लागेल, मोबाइलमधल्या फोटोवर अवलंबून राहू नकोस.

आत साडेतीन-चार तास हवेतच. राजवाड्यात शिरल्यावर लोक सिंहांच्या चौकाकडे धावतात. तू आधीच्या दालनांत भिंतीजवळ थांब. खाली रंगीत टाइलांची भूमितीय नक्षी, वर गिलाव्यातलं कोरीवकाम, आणि त्या कोरीवकामात पुन्हा पुन्हा येणारी एकच अरबी ओळ, "अल्लाहशिवाय विजयी कोणी नाही". एकदा ओळखता आली की पुढे प्रत्येक भिंतीवर दिसत राहते.

बाकी ग्रानादा खिशाला परवडणारं गाव आहे. पेय मागवलं की सोबत खायला फुकट येतं, ते माद्रिदपेक्षा भरघोस असतं. संध्याकाळी आल्बाइसिन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत चढून जा, समोर अल्हाम्ब्रा आणि तिच्या मागे सिएरा नेवादाचे डोंगर. कॅथेड्रलपाशी काही बायका हातात रोजमेरीची डहाळी देतात आणि मग हात बघून पैसे मागतात. डहाळी घेऊच नका, हसून पुढे चला.

माझा सल्ला, सेविया आणि कोर्दोबा एकत्र करा, ग्रानादा वेगळं ठेवा. कोर्दोबाला शनिवारी सकाळी साडेआठच्या आत मशिदीच्या दाराशी हजर राहा. सोमवार ते शनिवार पहिला तासभर प्रवेश फुकट असतो आणि गटागटाने येणारे पर्यटक नसतात. साडेआठशेहून अधिक खांब, वर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी, आणि चालत चालत मधोमध आलं की एकदम सोळाव्या शतकातलं कॅथेड्रल उभं. त्यासाठी शुक्रवारी तास संपल्यावर निघून रात्री कोर्दोबात मुक्काम करा, शनिवारी दुपारी सेविया गाठा, रविवारी संध्याकाळी परत. रेन्फे या सरकारी रेल्वेबरोबर ऊइगो आणि इर्यो या दुसऱ्या रेल्वे कंपन्यांचेही दर बघा, लवकर काढलं तर चांगला फरक पडतो.

चिंचपोकळीकर :

वरच्या दोघांचं पटलं तरी वेगळं मत मांडतो. शिकायला गेलेल्या मुलांनी एकत्र केलेला प्रवास आणि तज्ज्ञ होऊन केलेला प्रवास यात फरक आहे. रात्रीच्या बसमध्ये पाच जणी रात्रभर गप्पा मारतात, पहाटे अनोळखी गावात उतरून चुरोस खातात, तीच मैत्री पुढे टिकते. मेक्सिकोची मुलगी डिसेंबर-जानेवारीत परत जाणार, तिच्याबरोबर हे पुन्हा होणार नाही. अल्हाम्ब्रा तिथेच राहणार आहे. म्हणून बेत मोडू नका, मोठ्या सुटीवर ढकला. ६ डिसेंबरला संविधान दिन आणि ८ डिसेंबरला आणखी एक सुटी असते. वार जुळले तर चार-पाच दिवस सलग मिळतात. त्यात तिन्ही शहरं आरामात होतील.

फक्त त्या दिवसांत अख्खा स्पेन बाहेर पडतो. खोल्या महाग होतात, म्हणून आत्ताच बघायला लागा.

गोदाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. चिंचपोकळीकर, तुमचं म्हणणं थेट मनाला भिडलं. मला मैत्रिणींबरोबरच जायचंय, एकटीने नाही. म्हणूनच हे इतकं अडतंय.

अजून विचारायचं राहिलं. माझं टीआयई कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) अजून आलेलं नाही, बोटांचे ठसे देऊन झालेत. मैत्रिणी पोर्तुगालमधल्या पोर्तोला जायचं म्हणताहेत. जाता येईल का? आणि पैशांचं कसं करायचं? प्रत्येक वेळी "तू इतके दे, मी इतके देते" करताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण मी बऱ्याचदा फक्त सलाड खाते आणि बिल पाचांत सारखं वाटलं जातं.

अबोली :

शाकाहारी म्हणून माझा अनुभव सांगते. नुसतं "मांस नको" म्हटलं तर हॅम घातलेला पदार्थ समोर येऊ शकतो, कारण तिथे बऱ्याच जणांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हेच. "नो कोमो कार्ने नी पेस्कादो, नी हामोन" असं तिन्हींचं नाव घेऊन सांग. साल्मोरेहो हे कोर्दोबाचं थंड, दाट टोमॅटो-पावाचं सार सुरेख असतं, पण वर हॅमचे तुकडे पेरलेले असतात, ते आधीच नको म्हणून सांगायचं. सेवियात पालक-चणे (एस्पिनाकास कोन गार्बान्सोस) नक्की खा. जिरं घातलेलं असतं, घरच्या जेवणाची आठवण येते. आंदालुसियात वांग्याचे तळलेले काप काकवीसारख्या उसाच्या पाकाबरोबर देतात. आणि बटाट्याचं आम्लेट, म्हणजे तोर्तिया, कुठेही मिळतं. डाळ-तांदळाचं सामानसुमान आणि आपल्या चवीचं जेवण माद्रिदच्या लावापिएस भागात मिळेल, ते तुला माहीत असेलच. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच फळं, दही, पाव घेऊन ठेव.

पोर्तोबद्दल. विद्यार्थी व्हिसा चालू असेपर्यंत शेंगेनमधल्या दुसऱ्या देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, पोर्तुगाल त्यात येतं. व्हिसावरची शेवटची तारीख बघ. ती उलटली आणि कार्ड हातात नसेल तर नुसत्या पावतीच्या भरवशावर देशाबाहेर जाऊ नकोस. अशा वेळी परत येण्यासाठी "आउतोरिसासियोन दे रेग्रेसो" नावाचा परवाना असतो, त्यासाठी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात आधी विचार. कार्ड येईपर्यंत स्पेनमध्येच फिर, बघायला काही कमी नाही. मोरोक्कोला जायचं कोणी म्हणालं तर तिथला व्हिसा वेगळा लागतो हे लक्षात ठेव. आणि स्पेनमध्येही हॉस्टेलवर नोंदणीसाठी पासपोर्ट मागतातच.

पैशांचं म्हणशील तर स्पॅनिश मुलं सरळ काँट्री काढतात. सुरुवातीला प्रत्येकाने सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि कॉफी, बस, बाजारहाट त्यातून भागवायचं. जेवणाचं मात्र ज्याचं त्याने द्यायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. यात अवघडण्यासारखं काही नाही, कर्ज तू फेडणार आहेस.

सह्यभ्रमर :

अबोलींनी जेवणाचं सांगितलं म्हणून तोलेदोबद्दल एक जोडतो. तिथलं मार्सिपान बदाम आणि साखरेचं असतं, घरी पाठवायला उत्तम. आणि सांता मारिया ला ब्लांकाला जा. यहुद्यांसाठी बांधलेलं प्रार्थनागृह, कमानी मशिदीत शोभाव्यात तशा नालाकृती, आणि पुढे त्याचं चर्च झालं. पांढऱ्या अष्टकोनी खांबांच्या माथ्यावर कोरलेली पाइनची फळं बघायला विसरू नका. संध्याकाळी दिवसभराची गर्दी माद्रिदला परतली की गल्ल्या मोकळ्या होतात, म्हणून मुक्काम म्हणालो.

पावसाचा एखादा रविवार आला तर माद्रिदचं प्रादो हे चित्रसंग्रहालय. १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर प्रवेश फुकट आहे.

गोदाकाठ :

काल मैत्रिणींना सगळं सविस्तर सांगितलं. धाग्यातला हिशोबच त्यांच्यापुढे ठेवला. मेक्सिकोच्या मैत्रिणीला अल्हाम्ब्राच्या तिकिटांचं माहीतच नव्हतं, ऐकून तीच म्हणाली की घाई नको. आता या शनिवारी सेगोव्हिया, पुढच्या आठवड्यात तोलेदो मुक्कामी, मग कोर्दोबा-सेविया, आणि ग्रानादा डिसेंबरच्या सुटीत. इटालियन मैत्रीण अजून थोडी हिरमुसलेली आहे, तिला सेविया आधी हवं होतं. तोलेदोत मुक्काम कुठे करायचा हे तिच्यावर सोपवलंय.

रानजाई, डिसेंबरच्या सुटीसाठी अल्हाम्ब्राची तिकिटं आत्ता मिळतील का? आणि सकाळची वेळ घ्यावी की दुपारची?

रानजाई :

आजच संकेतस्थळ बघ, उद्यावर टाकू नकोस. अधिकृत संकेतस्थळावरूनच घे, मधले विक्रेते जास्त पैसे लावतात. पाच जणींचे पासपोर्ट नंबर आधी एका कागदावर लिहून ठेव, भरताना धांदल होते. सकाळची वेळ मिळाली तर तीच घे. डिसेंबरात ग्रानादाला कडाक्याची थंडी असते आणि दिवस लहान, पण सकाळी राजवाडे बघून बाहेर पडलीस की हेनेरालिफेच्या बागांत दुपारचं ऊन मिळेल. जाड मोजे ने.