सल्ला हवा: कृष्णधवल स्कॅनची ४,२०० पानं, झिप करूनही आकार कमी होत नाही

दप्तरखाना:
एका सहकारी संस्थेच्या १९४८ ते १९६५ या काळातल्या जमाखर्चाच्या वह्या आणि छापील वार्षिक अहवाल स्कॅन झाले आहेत. ए४ आकार, ३०० डीपीआय, एकूण ४,२०० पानं. स्कॅनरवर 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडलं होतं, तरी फाइली जेपीईजीच आल्या, प्रत्येकी ७०० ते ९०० केबी. सगळं मिळून ३.४ जीबी. झिप केलं तर ३.३. सेव्हनझिपमध्ये 'अल्ट्रा' लावूनही जवळजवळ तेवढंच. सभासदांना वहीवार पाठवायचं आहे आणि संस्थेकडे कायमची प्रत ठेवायची आहे. कोणतं आर्काइव्ह वापरावं?

एकबिटी:
आर्काइव्ह कोणतंही घ्या, फरक पडणार नाही. जेपीईजी आधीच दाबलेलं असतं, झिपला त्यात दाबायला काही उरत नाही. शिवाय जेपीईजीत एका पिक्सेलला एक बिट हा प्रकारच नाही. दिसायला पान काळं-पांढरं असलं तरी आत ते आठ बिटांचं करडं चित्र असतं आणि अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके पडलेले असतात.

हिशेब असा. ए४ पान ३०० डीपीआयला २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल. आठ बिटांत ८.७ एमबी, एका बिटात १.०९ एमबी. हेच एकबिटी पान टिफ या चित्रप्रकारात सीसीआयटीटी ग्रुप ४ या दाबणीच्या पद्धतीने साठवलं की छापील मजकुराला साधारण ४० ते ८० केबी लागतात, तेही एक पिक्सेल न गमावता. ही पद्धत १९८४ची, फॅक्ससाठी ठरवलेली. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा कुठे बदलली तेवढंच ती नोंदवते. झिप पिक्सेल पाहत नाही, बाइट पाहतं. अक्षराची कड एक पिक्सेल सरकली की बाइट बदलला आणि त्याची जुळणी तुटली.

म्हणजे तुमची ४,२०० पानं पाव जीबीच्या आसपास यायला हवीत. झिप हा नुसता रुमाल आहे. कागदाची घडी रुमाल बांधण्याआधीच घालावी लागते.

इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी थ्रेशोल्ड (म्हणजे उंबरठा: त्याहून गडद ते काळं, फिकट ते पांढरं), मग ग्रुप ४. 'मोनोक्रोम' हा पर्याय वापरू नका, तो डिदरिंग करतो, म्हणजे करडा रंग काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भासवतो. करड्या भागात ठिपक्यांची रांगोळी पडते, ओळीओळीत शेकडो बदल होतात आणि ग्रुप ४ची फाइल कधीकधी न दाबलेल्या फाइलपेक्षाही मोठी होते. थ्रेशोल्ड ५५ ते ६० टक्क्यांपासून सुरू करा. टक्केवारी वाढवली की फिकट शाई टिकते, पण कागदाचा पिवळेपणाही काळा होऊ लागतो. पान एकसारखं पिवळं नसेल, बांधणीकडे सावली असेल, तर एकच आकडा चालत नाही. स्कॅन टेलर अॅडव्हान्स्ड या स्कॅन साफ करणाऱ्या प्रोग्राममधली सावोला पद्धत घ्या, ती पानाच्या प्रत्येक भागाचा उंबरठा वेगळा काढते. पान सरळही तिथेच करा. तिरक्या पानावर आखलेल्या रेघा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि आकार वाढतो. जमाखर्चाच्या वह्यांत रेघाच रेघा असतात, तिथे हे फार जाणवतं.

दंडकविराम:
वरचं सगळं बरोबर. स्कॅन टेलरमधल्या डाग काढणाऱ्या पर्यायाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. तो सर्वांत सौम्य पायरीवर ठेवा, वह्यांना तर लावूच नका. देवनागरीत अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा असतो. तळटीपेच्या बारीक टाइपात ३०० डीपीआयला तो चार-पाच पिक्सेलांचा ठिपका उरतो. प्रोग्रामला तो आणि धुळीचा कण सारखेच.

वह्यांत धोका जास्त. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, त्याआधीचे हिशेब रुपये-आणे-पैचे. पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दंडांनी लिहिलेले: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. एक बारीक दंड पुसला गेला की दीडाचे सव्वा होतात, आणि पान पाहून कुणाला शंकाही येत नाही.

दप्तरखाना:
धन्यवाद. एका पानावर करून पाहिलं, ८२० केबीचं ५८ केबी झालं. पण वह्यांवर जांभळे शिक्के आहेत, ते अर्धे गेले. शिवाय जेबिग२ नावाची एकबिटी पानं दाबायची पद्धत आणखी लहान फाइल करते असं वाचलं. ती वापरावी का?

एकबिटी:
शिक्के, पेन्सिलीच्या खुणा, कार्बन प्रती असलेली पानं एकबिटी करू नका, करडीच ठेवा. एकाच पीडीएफमध्ये दोन्ही प्रकारची पानं राहू शकतात. आणि मूळ जेपीईजी पुसू नका. थ्रेशोल्डने गेलेलं परत येत नाही.

जेबिग२चे दोन अवतार आहेत. लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणारा, अवतार ग्रुप ४पेक्षा लहान फाइल देतो आणि सुरक्षित आहे. लॉसी, म्हणजे काही गमावणारा, अवतार सारखी दिसणारी अक्षरं शोधून एकाच नमुन्याने सगळी छापतो. २०१३मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवलं की झेरॉक्सची काही वर्कसेंटर यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलतात. नकाशातल्या तीन खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळं प्रतीत १४.१३ अशी एकच उमटली होती. कारण हेच, नमुन्यांची जुळवाजुळव. अक्षर धूसर होत नाही, स्वच्छ आणि चुकीचं होतं. हिशेबाच्या कागदांना लॉसी जेबिग२ अजिबात नको.

दंडकविराम:
देवनागरीत लॉसीचा फायदाही कमी. शिरोरेषेमुळे शब्दातली अक्षरं जोडलेली असतात, त्यामुळे नमुना अक्षराचा नाही, आख्ख्या शब्दाचा बनतो आणि तसाच शब्द पुन्हा क्वचित सापडतो. शिरोरेषा नसलेले सुटे आकडे मात्र सहज जुळतात, म्हणजे नेमकी जिथे चूक परवडत नाही तिथेच. जेबिग२ फाइली बनवणारा जेबिगटूएन्क हा प्रोग्राम वापरणार असाल तर 'एस' पर्याय देऊ नका, मग ते लॉसलेसच राहतं.

गाठोडं:
बांधणीबद्दल. सभासदांसाठी वहीगणिक पीडीएफ. इमेजटूपीडीएफ हा प्रोग्राम ग्रुप ४ची पानं जशीच्या तशी आत ठेवतो. २०० पानांची वही १२ एमबीच्या आसपास बसेल. छापील अहवालांवर ओसीआरमायपीडीएफ (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) मराठी भाषा निवडून चालवा, त्यातले शब्द शोधता येतील. हस्तलिखित वह्यांवर त्याचा उपयोग नाही. सीबीझेडच्या (पानांची चित्रं झिपमध्ये भरायचा, कॉमिक्ससाठीचा प्रकार) वाटेला जाऊ नका. टिफ ते वाचणाऱ्या बऱ्याच अॅपमध्ये उघडत नाही आणि एकबिटी पीएनजी केलं तर आकार ग्रुप ४पेक्षा वाढतो.

कायमच्या प्रतीसाठी झिप, पण दाबणी शून्यावर, म्हणजे 'स्टोअर'. सेव्हनझिपचं 'सॉलिड', म्हणजे सगळ्या फाइली एकाच गठ्ठ्यात दाबणं, नको. एक बाइट बिघडला तर त्या गठ्ठ्यातली पुढची सगळी पानं जातात. झिपमध्ये तेवढंच पान जातं. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट उतरलेली झिप उघडतच नाही. प्रत्येक वहीची वेगळी झिप करा. सोबत पार२ने (बिघडलेला भाग पुन्हा उभा करणाऱ्या जादा फाइली बनवणारी पद्धत) दहा टक्के दुरुस्ती फाइली बनवून त्याच डिस्कवर आणि दुसरीकडेही ठेवा.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि पानांचे आकडे चार अंकी, शून्य भरून. नाहीतर १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. देवनागरी नावं जुन्या अनझिप प्रोग्राममध्ये चौकोन होऊन येतात.

दप्तरखाना:
कोरी पानं काढून टाकू का?

गाठोडं:
नको. कोरं पान ग्रुप ४मध्ये जेमतेम एक-दोन केबी घेतं, आणि वहीच्या पानांचे क्रमांक जुळलेले राहतात.