पहिली गाडी : नवी कोरी की वापरलेली?

लातूरकर : "पगार 35 हजार असला की बिनधास्त शोरूम गाठा, डाउन पेमेंट शून्य, 7 वर्षांचा हप्ता" असं काल इथं एकानं लिहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. राहवलं नाही. 5 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी काढा. हप्ता 8 हजार, नुसतं व्याज पावणेदोन लाख! वर आरटीओचा 11 टक्के कर, 3 वर्षांचा थर्ड पार्टी (म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा) विमा. ज्याचं घर पगार आणि सोयाबीन मिळून चालतं, त्यानं भाव पडल्यावर हप्ता कुठून भरायचा? चार-पाच वर्षं वापरलेली वॅगनआर घ्या, रोखीनं.

परभणीकर : रोखीनं घेतलेलीच सांगतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं किलोमीटरचं रीडिंग मागं फिरवलेलं निघालं. आरसीवरचा बँकेचा बोजाही उतरलेला नव्हता. तो उतरवायच्या फॉर्म 35 वर सहीसाठी जुन्या मालकाच्या दारात हेलपाटे, आणि तो फोन उचलेना. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. मग दुसऱ्याचं दुखणं गळ्यात का घ्यायचं?

जालनेकर : दोघंही पेट्रोलचं बोलेनात. परभणीत तर राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून बातम्या येतात. सीएनजी घ्या.

लातूरकर : आणि डिकीत सिलिंडर! गावाकडून ज्वारीचं पोतं काय मांडीवर आणू?

जालनेकर : टाटाच्या टियागोत 2023 पासून दोन छोटे सिलिंडर खाली बसवतात, वर जागा राहते. आधी जाऊन बघा, मग बोला.

बीडकर : बघितली की. बॅगा मावतात, गच्च भरलेलं पोतं नाही. आणि दर 3 वर्षांनी सिलिंडरची टेस्ट, पंपावरची रांग, नंबर आला की प्रेशर नाही. हे कोण सांगणार?

जालनेकर : रांगेत थांबायचं नसेल तर महाग पेट्रोल भरा. तक्रार करू नका.

नांदेडकर ताई : पोत्यापुढं कुणी जाणार आहे का? गाडीत माणसंही बसतात! माझ्या सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत. उंच सीट असल्याशिवाय त्यांना चढता येत नाही. एसी भर उन्हात, मागं तिघं बसवून तपासा. आमच्याकडं मे महिन्यात तोच घाम फोडतो. आणि एअरबॅग किती, ते एकानंही विचारलं नाही. आता अल्टो के10 मध्येही 6 येतात.

परभणीकर : ताईंचं खरंय. लातूरकर, व्याजाचं तुमचं मान्य, पण तेवढंच. 5 वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता साडेदहा हजारांच्या आत आणि व्याज सव्वा लाखाच्या आसपास येतं. नवीनच घ्या, पण झेपेल तेवढीच.

लातूरकर : साडेदहा हजार झेपत असते तर वाद कशाला घातला असता? पण बोजा उतरल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, एवढं तुमचं घेतलं.

जालनेकर : आणि पोत्याला टपावर कॅरिअर लावा.