पक्षनिष्ठा की प्रायमरीची धास्ती? ट्रम्प यांच्यापुढे रिपब्लिकन खासदार गप्प का?

एरीकाठचा:
क्लीव्हलंडच्या उपनगरात राहतो. ट्रम्प यांच्याबद्दलचा संताप इथे रोज कानावर पडतो. आयातीवरचं टॅरिफ, कोर्टांशी भांडणं, विरोधकांना दिलेल्या शिव्या, रोज नवं काहीतरी. पण खरं सांगतो, माझा राग त्यांच्यापेक्षा त्यांच्या पक्षातून निवडून आलेल्या लोकांवर जास्त आहे. ट्रम्प कसे आहेत हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. ज्यांना ते पटत नाही आणि तरीही जे मान डोलावतात, त्यांना जाब कोण विचारणार?

आमच्या भागाचे खासदार होते अँथनी गोन्झालेझ. ओहायो स्टेटचा फुटबॉलपटू, पुढे व्यावसायिक खेळाडू, २०१८ मध्ये रिपब्लिकन तिकिटावर निवडून आलेला तरुण माणूस. पक्षाचं उद्याचं नेतृत्व म्हणून लोक बघत होते. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेवर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला आणि आठवडाभरात प्रतिनिधिगृहात ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचं मतदान झालं. बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी गोन्झालेझ एक. मे महिन्यात राज्याच्या पक्ष समितीने त्यांचा निषेध करून राजीनामा मागितला. विमानतळावर बायकामुलांसोबत उतरताना त्यांना पोलिस संरक्षण घ्यावं लागलं. सप्टेंबरमध्ये त्यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं.

आता दुसरी बाजू बघा. तेव्हाचे प्रतिनिधिगृहातले पक्षनेते केविन मॅकार्थी १३ जानेवारीला सभागृहात म्हणाले की या हल्ल्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांवर आहे. पुढच्या पंधरवड्यात ते ट्रम्प यांच्या मार-अ-लागो या निवासस्थानी जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढून आले. सिनेटमधले नेते मिच मॅकॉनेल यांनी १३ फेब्रुवारीला निर्दोष म्हणून मत दिलं आणि लगेच भाषण केलं की घडलेल्या प्रकाराला ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत. जबाबदार आहेत, तर मत तसं का नाही? आणि आमच्याच राज्याचे जे. डी. व्हान्स २०१६ मध्ये स्वतःला ट्रम्पविरोधक म्हणवत होते, आज ते उपराष्ट्राध्यक्ष आहेत.

७ ऑगस्ट १९७४ ला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसमध्ये गेले. सिनेटमध्ये महाभियोगातून वाचण्याइतकी मतं तुम्हाला नाहीत, असं त्यांनी वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सनना तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी निक्सननी राजीनामा जाहीर केला. त्या पक्षात आज अशी तीन माणसं का सापडत नाहीत?

ह्यूस्टनकर:
मी २०२४ मध्ये ट्रम्प यांना मत दिलंय आणि ते सांगायला मला कसलाही संकोच नाही. सीमेवरची बेबंदशाही आणि महागाई ही माझी कारणं होती. माझ्यासारखे सात कोटी सत्तर लाखांच्या वर मतदार होते, राज्यवार मोजली जाणारी ३१२ इलेक्टोरल मतं ट्रम्प यांना मिळाली. आमच्या मताने निवडून आलेल्या खासदाराने आमच्या नेत्याला साथ दिली तर त्याला तुम्ही भीती म्हणता. मी त्याला मतदाराशी इमान म्हणतो. खासदाराला मी माझं म्हणणं मांडायला पाठवतो.

गोल्डवॉटरचंही पूर्ण सांगा. सुप्रीम कोर्टाने २४ जुलैला निक्सनच्या संभाषणांच्या टेप द्यायचा आदेश दिला, ५ ऑगस्टला सगळ्यात अडचणीची टेप बाहेर आली आणि निक्सनच्या पक्षाचा मतदारच डळमळला. त्यानंतर हे तिघे गेले. मतं मोजूनच गेले. आज मतदार डळमळलेला नाही, म्हणून कोणी जात नाही. इतकं साधं आहे.

सांगलीकर:
मी इकडून लिहितोय, त्यामुळे चुकलं तर सांगा. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर सदस्यत्व जातं, तेव्हा आमदार-खासदाराने पक्षाच्या सांगण्याप्रमाणे बटण दाबलं तर निदान कायद्याचं कारण तरी असतं. तिकडे असा कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाची जागा जात नाही. मग इतकं मोकळं असूनही लोक स्वतःचा अधिकार का सोडतात?

टॅरिफचंच घ्या. कर लावायचा अधिकार त्यांच्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला दिलाय. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर करून तो वापरला. अशी आणीबाणी रद्द करण्याच्या ठरावावर ठरावीक दिवसांत मतदान घ्यावं लागतं. तर मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन बहुमताने नियम केला की कॅनडा-मेक्सिकोवरच्या टॅरिफबाबत त्या अधिवेशनाचे उरलेले दिवस ‘दिवस’ म्हणून मोजायचेच नाहीत. म्हणजे मतदान टाळण्यासाठी कॅलेंडरच थांबवलं! हे मी दोनदा वाचलं तेव्हा पटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के लागले, तेव्हा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. तो निर्णय चूक की बरोबर हे बाजूला ठेवा. त्यावर उघड मतदान तरी व्हायला हवं होतं, त्यालाही तिथल्या खासदारांनी नकार द्यावा याचा मला खरोखर राग येतो.

ह्यूस्टनकर:
सांगलीकर, तो नियम मलाही आवडला नाही. मतदान व्हायला हवं होतं. पण पक्षनिष्ठेवर बोलायचं तर मग सगळ्यांवर बोला. बायडन थकलेत हे डेमोक्रॅट नेत्यांना दिसत नव्हतं का? मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्यांच्याविरुद्ध उभे राहिले तर त्यांना पक्षाने वाळीत टाकलं. २७ जून २०२४ च्या वादविवादात सगळ्या देशाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं, तोपर्यंत सगळे मूग गिळून बसले होते. ट्रम्प यांच्या पक्षाला निष्ठेचे धडे देणाऱ्यांनी आधी त्या गप्प बसण्याचा हिशोब द्यावा.

कुंदानगरी:
बायडनबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ह्यूस्टनकर. मला तर आपले श्री ठाणेदारही आठवतात. बेळगावचा मुलगा, मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेलेला, म्हणून आम्हा बेळगावकरांचं त्यांच्याकडे लक्ष असतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांना ते नको होतं. शेवटी मे महिन्यात मतदानाचा आग्रह त्यांनी मागे घेतला. त्यांचं पाऊल घाईचं होतं असं माझंही मत आहे, पण दबाव तिकडेही असतो एवढं खरं.

फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. वादविवादानंतर महिन्याच्या आत, २१ जुलैला बायडन शर्यतीतून बाहेर पडले, कारण त्यांच्याच पक्षातल्या खासदारांनी एकामागून एक उघड मागणी केली. उशीर झाला, पण झालं. ६ जानेवारीनंतर रिपब्लिकन पक्षाकडे पाच वर्षं होती. उलट २० जानेवारी २०२५ ला त्या हल्ल्याच्या खटल्यांतल्या सुमारे १,५०० जणांना ट्रम्प यांनी माफी दिली. त्यात पोलिसांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेले लोकही होते. कायदा-सुव्यवस्थेचा पक्ष म्हणवणाऱ्यांपैकी किती जण बोलले?

ह्यूस्टनकर:
पोलिसांवर हात टाकणाऱ्यांना माफी द्यायला नको होती. हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

एरीकाठचा:
तेच तर विचारतोय. तुम्ही म्हणू शकता, मग तुमचे खासदार का म्हणू शकत नाहीत? अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की एप्रिल २०२५ मध्ये लोकांसमोर म्हणाल्या की आम्ही सगळे घाबरलेले आहोत. विरोधकांचं जाऊ द्या, हे रिपब्लिकन सिनेटरचे शब्द आहेत.

आणि भीती कशाची? प्रायमरीची. २०२२ मध्ये सिनेटसाठीच्या ओहायोच्या रिपब्लिकन प्रायमरीत व्हान्सना सुमारे ३२ टक्के मतं मिळाली, आकड्यात साडेतीन लाखांच्या आत. राज्यात नोंदलेले मतदार ८० लाखांच्या आसपास. ट्रम्प यांनी शेवटच्या काही आठवड्यांत पाठिंबा दिला आणि गर्दीतला एक उमेदवार पुढे आला. ज्या राज्यात नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचा निकाल बहुतेक ठरलेला असतो, तिथे खरी निवडणूक मे महिन्यातच होऊन जाते, आणि ती थोडेच लोक करतात. खासदाराला त्या थोड्यांची धास्ती असते. तिथे जो एक माणूस खुणेने पारडं फिरवू शकतो, त्याच्यापुढे सगळे नमतात. लिझ चेनी यांचं घराणं वायोमिंगमध्ये केवढं मोठं, वडील उपराष्ट्राध्यक्ष. ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत त्यांना ३० टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत.

महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या त्या दहांपैकी पुढच्या सभागृहात दोघंच परत आले. वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस आणि कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वलाडाओ. दोन्ही राज्यांत सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी असते आणि पहिले दोघं पुढे जातात. मर्कोव्स्कीही अशाच सामाईक प्रायमरीतून वाचल्या, अलास्कात पहिले चौघं पुढे जातात. हा निव्वळ योगायोग आहे असं मी मानत नाही.

ह्यूस्टनकर:
तुमची मांडणी चांगली आहे, पण तीत भोकं आहेत. जेमी हेरेरा ब्यूटलर त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या, त्याच पद्धतीत हरल्या. व्हान्सना नोव्हेंबरमध्ये ५३ टक्के मतं पडली, एकवीस लाखांच्या वर. ते साडेतीन लाखांनी निवडून दिलेले नव्हते. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो आणि नेवाडात प्रायमरीची पद्धत बदलण्याचे प्रस्ताव मतपत्रिकेवर होते. लोकांनीच ते पाडले. त्यातलं कोलोरॅडो तर लाल, म्हणजे रिपब्लिकनांकडे झुकणारं, राज्यही नाही. लोकांना ही पद्धत नको असेल तर ते सांगतील. एरीकाठचे काका, तुम्हाला निकाल पटत नाही म्हणून नियम बदलावेत, हे मला पटत नाही.

अटलांटावाली:
उशिरा लिहितेय, पण राहवत नाही. मला दोघांचंही पटलेलं नाही. पद्धत, पद्धत म्हणून तुम्ही या खासदारांना आयती सबब देताय.

आमच्या जॉर्जियात २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. हा माणूस कट्टर रिपब्लिकन, ट्रम्प यांनाच मत दिलेला. त्याने नाही म्हटलं. त्याच्या बायकोला धमक्या आल्या. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनीही निकाल उलटवायला नकार दिला. २०२२ मध्ये ट्रम्प यांनी दोघांविरुद्ध प्रायमरीत आपली माणसं उभी केली. दोघेही पहिल्याच फेरीत जिंकले, केम्प तर पन्नास टक्क्यांहून जास्त फरकाने. म्हणजे उभं राहिलं की माणूस संपतोच असं नाही. संपेल म्हणून आधीच बसतात, हा त्यांचा निर्णय असतो, आणि त्या निर्णयाबद्दल मला त्यांचा राग येतो.

एरीकाठचा:
जॉर्जियात पक्षनिहाय नोंदणी नाही, कोणीही कोणत्याही प्रायमरीत मत देऊ शकतो. रॅफेन्सपर्गरना त्याचा फायदा झाला असणार.

अटलांटावाली:
झाला असेल. मग इंडियानाचं काय? डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांना तिथले मतदारसंघ नव्याने आखून हवे होते, प्रायमरीत पाडण्याची उघड धमकी दिली होती. अनेक आमदारांच्या घरी खोट्या फोनवरून पोलिस पाठवण्याचे प्रकार झाले. तरी राज्याच्या सिनेटमध्ये प्रस्ताव १९ विरुद्ध ३१ असा पडला, आणि त्या ३१ मध्ये २१ रिपब्लिकन होते. त्यांच्या मतदारांनी त्यांना फोन केले, सभांना गाठलं, पत्रं लिहिली. ह्यूस्टनकर म्हणतात तसं मतदाराशी इमान असेल, तर हेही मतदारांचंच ऐकणं होतं ना? लैंगिक गुन्हेगार एपस्टाईनच्या सरकारी फायली खुल्या करायच्या वेळीही तेच. त्यावर मतदान घ्यायला लावणाऱ्या अर्जावरची सही चार रिपब्लिकनांनी मागे घेतली नाही, आणि मतदानाची वेळ आली तेव्हा निकाल ४२७ विरुद्ध १! तोपर्यंत गप्प असलेले सगळे त्या दिवशी हो म्हणाले. चार जण हलले नाहीत म्हणून.

ह्यूस्टनकर:
इंडियानाच्या आमदारांचा मला आदर आहे. आपल्या राज्याचं भलं कशात हे त्यांनी ठरवलं. पण त्यावरून बाकीचे भित्रे ठरत नाहीत. बऱ्याच जणांना ट्रम्प यांचं धोरण खरोखर पटतं, हे तुम्ही कोणी धरतच नाही.

प्रवासी_७४:
मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली त्या रात्री आमच्या गटातले लोक भारतातून परतीची तिकिटं शोधत होते, नियम कोणाला लागू हे कोणालाच कळत नव्हतं. आमच्या भागाच्या खासदारांच्या कार्यालयात फोन केला. समोरची मुलगी नीट बोलली, पण खासदारांची भूमिका काय हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. ज्यांना मत आहे त्यांनी कृपा करून वापरा. एरीकाठचे काका, ओहायोत प्रायमरीला मत द्यायचं तर आधी पक्षाची नोंदणी लागते का?

एरीकाठचा:
नाही. मतदान केंद्रावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, तीच नोंद होते. पुढच्या प्रायमरीत दुसऱ्या पक्षाची मागता येते. मी येत्या मे महिन्यात रिपब्लिकन मतपत्रिका घेणार आहे. माझा प्रतिनिधी तिथेच ठरतो.

ह्यूस्टनकर:
दुसऱ्याच्या पक्षात घुसून उमेदवार पाडायला मत देणं मला गैर वाटतं.

एरीकाठचा:
पाडायला जाणार नाही. गोन्झालेझसारखा कोणी उभा राहिला तर त्याला मत द्यायला जाणार आहे. २०२२ मध्ये मी मे महिन्यात घरी बसलो नव्हतो, आणि तेव्हा मतपत्रिकेवर तसा कोणी नव्हता.