प्रति: वाडा खरंच मालगुजाराचा?
वरच्या पोस्टमध्ये दारव्ह्याकडच्या, म्हणजे वऱ्हाडातल्या, एका जुन्या वाड्याला मालगुजाराचा वाडा म्हटलंय, तिथं मला शंका आहे. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या गावमालकाची पद्धत, ही नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडची. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं अन् तिथं रयतवारी बसली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. म्हणजे घर बहुधा देशमुखाचं, पाटलाचं, नाहीतर सावकाराचं. (सावकार म्हटलं की वारसांना राग येतो, पण असो.) अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५, कापसाचे भाव भडकले अन् वऱ्हाडात पैसा खेळला, वाड्याची सागवानी माडी त्यानंतरची असू शकते. बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्यांवरून वाड्याचा काळ ठरत नाही हो! तहसिलीतून १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंदवही) काढा, निदान शेतं कुणाच्या नावावर होती ते कळेल.