भजनी मंडळ, तंतुवाद्यं आणि सिंथ एकत्र घेतले की पार्श्वसंगीत गढूळ का होतंय?

खानापूरचा खर्ज :
मंडळी, एका २२ मिनिटांच्या लघुपटाचं पार्श्वसंगीत शेवटच्या प्रसंगात अडकलंय. प्रसंग १ मिनिट ४० सेकंदांचा. चित्र २५ फ्रेमचं, आवाज ४८ किलोहर्ट्झ. डी मायनर, लय मिनिटाला ७२ मात्रा. तंतुवाद्यांचा ताफा सगळा सँपलचा, म्हणजे संगणकातल्या आधीच रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा, वर एक खरं व्हायोलिन. कोरस म्हणजे गावच्या भजनी मंडळातले १२ बाप्ये, देवळाच्या सभामंडपात दोन कंडेन्सर माइकवर घेतलेले, सोबत पेटी आणि टाळ. खाली सिंथचा पॅड, म्हणजे लांब धरलेला सूर, आणि डी१ वर सब, म्हणजे अगदी तळाचा खर्ज (स्वरापुढचा आकडा सप्तकाचा).

एकेक ऐकलं तर झकास. एकत्र लावलं की कोरस बेसूर वाटतो, खालचा भाग नुसता चिखल आणि तंतुवाद्यं मागं रेंगाळतात. दोन दिवस इक्यू कापतोय, म्हणजे नको त्या पट्ट्यांचा आवाज उतरवतोय, खरं फरक नाही. सुरुवात कुठून करू?

शहापूरचा पेटीवाला :
इक्यू ठेवा बाजूला. आधी पेटी तपासा की. पांढरी दोनला गायलेत म्हणजे कागदावर डी, पण जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुराला असतीलच असं नाही. पांढरी सहा दाबा आणि ट्यूनरवर आकडा बघा. ४४६ आला तर पेटी २३ सेंट चढी (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), आणि गाणारे पेटीलाच धरून गाणार. तुमची सँपल मात्र ४४० वर बसलेली. बेसूर कोरस नाही, बाकीचं सगळं उतरलेलं आहे.

सॉफ्टवेअरनं कोरसचा सूर ओढू नका. त्याच माइकमध्ये पेटी शिरलीय, आवाज ओढला की पेटीही ओढली जाते आणि पाण्याखालून आल्यासारखी थरथरते. उलट करा : सँपलर आणि सिंथ दोन्हींत मास्टर ट्यूनिंग असतं, ते ४४६ वर न्या. खरं व्हायोलिन तेवढं त्या सुरात लावून परत घ्यावं लागेल.

एवढं करूनही खुपेल तो गंधार. डी मायनरमधला एफ म्हणजे कोमल गंधार. सिंथ तो षड्जापासून ३०० सेंटवर देतो, गाणारा कान लावून ठेवतो तो ३१६ च्या आसपास. मधल्या एफला, म्हणजे ३४९ हर्ट्झला, हा फरक सेकंदाला तीन हेलकावे देतो. सॉ वेव्हच्या, म्हणजे करकरीत आवाजाच्या, पॅडवर ते स्पष्ट ऐकू येतात. म्हणून पॅडमधून गंधार काढूनच टाका, नुसते षड्ज-पंचम ठेवा. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो कुणाला कळत नाही. गंधार गाणाऱ्यांनी दाखवावा, फार तर व्हायोलिननं. त्याला बोट सरकवता येतं, सिंथला नाही.

निपाणीचा नाद :
पेटीचं पटलं. पण गढूळपणा सुराचा नाही आणि सबचाही नाही, लिखाणाचा आहे. पांढरी दोनच्या पुरुषी आवाजाचा मध्य षड्ज १४७ हर्ट्झ, खालचा पंचम ११०. चेलो तिथंच, पॅडचं पोट तिथंच. १५० ते ३०० मध्ये तिघं मांडी घालून बसलेत. इक्यूनं तिघांनाही थोडं थोडं कापलं की तिघंही अशक्त होतात आणि गर्दी तशीच राहते.

जिथं मंडळ गातंय तिथं व्हायोला गप्प ठेवा. चेलो डी२ आणि ए२ वर, नुसता उघडा पंचम, हळू गजानं. व्हायोलिन डी५ च्या वर. मधली खोली गाणाऱ्यांची. पॅड एक सप्तक वर चढवा आणि ५००–६०० च्या खालचं हाय-पासनं, म्हणजे खालचं गाळणाऱ्या फिल्टरनं, काढा. एकटा ऐकला तर पिचका वाटेल, वाटू दे. गोव्याकडच्या ज्या अरेंजरांनी हिंदी सिनेमाचे ताफे लिहिले, त्यांच्या कामातही हेच ऐकू येतं. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी लिहिलेली प्रतिधून ऐका : गाणारा श्वास घेतो तेव्हा व्हायोलिनं बोलतात.

आता सब. चार तारांच्या कॉन्ट्राबासची सर्वांत खालची तार ई, ४१ हर्ट्झ. तुमचा डी१ आहे ३६.७ हर्ट्झ, तार लांबवणारं एक्स्टेंशन असल्याशिवाय तो त्याला मिळत नाही. म्हणून डी१ सिंथचा, डी२ कॉन्ट्राबासचा. दोघांना एकाच स्वरावर कधी ठेवू नका. गजाचा सूर किंचित हलतो, सबची साइन वेव्ह हलत नाही, मग दोघांची फेज, म्हणजे लहरींचा चढ-उतार, कधी जुळते कधी भांडते आणि खालचा आवाज आपोआप वर-खाली होतो. सब मोनो ठेवा, अटॅक, म्हणजे आवाज चढायचा वेळ, ३०–४० मिलिसेकंद, नाहीतर टिक ऐकू येईल. आणि सब १ मिनिट ४० सेकंद सलग वाजवायचा नसतो. शेवटची आठ मापं पुरेत. आधी नव्हता म्हणूनच तो आल्याचं जाणवतं.

कॅम्पातली आल्टो :
कोरस परत घेणार असाल तर पेटी आणि टाळ त्या खोलीतून बाहेर काढा. टाळाची किणकिण वरच्या पट्टीत सगळ्यांवर सांडते, ती नंतर निघत नाही. टाळ वेगळा घ्या. सुरासाठी तानपुरा हेडफोनमध्ये द्या, एकाच कानाला, दुसरा कान शेजाऱ्यासाठी मोकळा.

क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावर, गायला लावू नका, भजनाचा झोल मरतो. आधी पखवाजावर आठ मात्रांचा ठेका घ्या आणि त्यावरून टेम्पो मॅप, म्हणजे लयीचा नकाशा, काढा. दृश्याचे कट ठोक्यावर हवे असतील तर ७२ सोडून ७५ घ्या. २५ फ्रेमला ७५ लयीत एका मात्रेला नेमक्या २० फ्रेम येतात, ७२ ला २०.८३.

बारा जणांचे तीन थर घेतले तर छत्तीस होतात, पण प्रत्येक थराला जागा बदलायच्या आणि एक पाऊल मागं जायचं. त्याच जागी उभे राहिले तर गर्दी होत नाही, कोरस इफेक्ट लावल्यासारखं ऐकू येतं. मंडळाला चार आवाजांची हार्मनी शिकवत बसू नका, दोन गट पुरेत : एक चाल गाईल, दुसरा षड्ज धरेल.

आणि अक्षरं. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ बारा जणांकडून एका क्षणी येत नाही. व्यंजन तिघांनीच ठसठशीत म्हणावं, बाकीच्यांनी स्वर धरावा. ठोक्यावर स्वर यायला हवा, व्यंजन त्याच्या किंचित आधी. पॅडचा वरचा भाग दाबणारा फिल्टरही स्वराबरोबर हलवा. ‘आ’ उघडा असतो, तेव्हा फिल्टर बंद. ‘उ’वर किंवा मिटल्या तोंडी गुणगुणीवर तो हळूहळू उघडा. आवाजातून सिंथ उगवतोय असं वाटतं. जोड झाकायला यापेक्षा चांगली युक्ती मला माहीत नाही.

खानापूरचा खर्ज :
पेटी तपासली, ४४५ ची निघाली! दोन प्रश्न उरले. तंतुवाद्यांचं रेंगाळणं राहिलंच. आणि या प्रसंगात आजी कन्नडमध्ये तीन वाक्यं बोलते, ती कोरसखाली बुडतात.

निपाणीचा नाद :
रेंगाळणं सँपलचं. लेगाटोच्या, म्हणजे जोडून वाजवलेल्या स्वरांच्या, नोंदीत स्वर बदलण्याआधीची सरक रेकॉर्ड केलेली असते, काही लायब्ऱ्यांत ती ६० मिलिसेकंद, काहींत २०० च्या वर. एक स्वर बाउन्स करा, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल काढा, वेव्हफॉर्मवर मोजा आणि ट्रॅक डिले तेवढा उणे करा. तुटक स्वरांचा ट्रॅक वेगळा ठेवा, त्यांचा उशीर वेगळा असतो. सगळ्यांना एकच आकडा लावला तर अर्धी वाद्यं आता पुढं पळतील.

पॅड चिकटवल्यासारखा वाटत असेल तर सभामंडपातच स्पीकर ठेवून तो वाजवा, माइक कोरसला होते तिथंच ठेवा आणि परत रेकॉर्ड करा. आवाज मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, स्पीकर गाणाऱ्यांच्या मागं चार मीटर ठेवला की पॅड आपसूक त्यांच्या मागं जातो. सँपलच्या ताफ्याला १.८ ते २ सेकंदांचा रिव्हर्ब द्या. कोरसला वरून काही नको, मंडपाचा घुमारा आहेच. सब कोरडा. हे काम पावसाळ्यात काढू नका, मंडपावर पत्रा असेल तर खानापूरच्या पावसात काही हाती लागत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, पंखे आणि ट्यूबलाइट बंद, नाहीतर ५० आणि १०० हर्ट्झची घुरघुर सबच्या शेजारी येऊन बसते.

कॅम्पातली आल्टो :
आजीच्या वाक्यांचं सोपं आहे. शब्द कळण्याची जागा १ ते ४ किलोहर्ट्झ, आणि ‘आ’ लावून गाणारा कोरस तिथं भरपूर असतो. कोरसचा फेडर पाडून, म्हणजे नुसता आवाज कमी करून, भागत नाही, कारण शब्द ऐकू आले की कान ते पकडतोच. कन्नड संवादावर मराठी अभंगाचे शब्द आले तर दोन्ही भाषा कळणारा प्रेक्षक दोन्हीकडं ओढला जातो, आणि आपल्याकडं असे निम्मे तरी असतील. त्या तीन वाक्यांपुरतं तोंड मिटून गुणगुणायला सांगा आणि व्हायोलिन थांबवा. शेवटच्या वाक्यानंतर अर्धी मात्रा रिकामी सोडून मग ‘आ’ उघडा.

शहापूरचा पेटीवाला :
५.१ मध्ये, म्हणजे सहा चॅनेलांच्या सराउंडमध्ये, मिक्स करणार असाल तर सब फक्त एलएफईत, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या चॅनेलात, टाकू नका. स्टीरिओत उतरवताना तो चॅनेल बहुतेक वेळा गळतो आणि तुमची शेवटची आठ मापं पोकळ होतात. मुख्य चॅनेलांत ठेवा, एलएफईत वरून थोडा. आणि व्हायोलिनवाल्याला ४४५ आधीच कळवा, ऐन वेळी तारा चढवल्या की तासभर उतरत राहतात.