चालू रोबोटच्या आत एआय एजंटला डोकावू द्यावं का?

लिडारवाला:
रॉस २ वर (रोबोटचं सॉफ्टवेअर बांधायची खुली चौकट) काम करणाऱ्यांची मतं हवीयेत. २०२४ मधे नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने रोसा (रॉसच्या रोबोटशी साध्या भाषेत बोलू देणारा एजंट) सगळ्यांसाठी खुलं केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) आलं, आणि आता एजंटला थेट चालू रोबोटला जोडून कुठले नोड (रोबोटमधले छोटे प्रोग्राम) जिवंत आहेत, कुठल्या टॉपिकवर (नोड एकमेकांना मेसेज पाठवतात ती नावाची वाहिनी) डेटा येतोय, कुठल्या पॅरामीटरची (नोडच्या सेटिंगची) किंमत काय आहे हे त्याचं त्याला तपासू देणारी टूल्स बरीच झालीत. माझं मत, द्यावं. पण फक्त बघायला.

कारण असं की रोबोट अडला की आपण टर्मिनलमधला लॉग चॅटमधे चिकटवतो आणि मॉडेल अंदाजपंचे काहीतरी सांगतं, त्याला आतलं दिसतच नसतं ना. नेहमीचं उदाहरण घ्या, लिडारचा (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) ड्रायव्हर बेस्ट एफर्टने (पोचलं तर पोचलं) पाठवतोय आणि तुमचा नोड रिलायबल (पोचायचीच हमी) मागतोय. दोन्ही नोड चालू, टॉपिकचं नाव बरोबर, टाइप बरोबर, तरी एकही मेसेज पोचत नाही, वॉर्निंग येते ती लॉगच्या ढिगात गाडली जाते. किंवा सिम्युलेशनचं यूज-सिम-टाइम (सिम्युलेशनचं घड्याळ वापर असं सांगणारं पॅरामीटर) खऱ्या रोबोटवरही ट्रूच राहिलं, मग नोड क्लॉक टॉपिकची वाट बघत बसतो आणि त्या घड्याळावरचे टायमर हलतच नाहीत. नोडचा कोड कितीही वाचा, हे सापडणार नाही.

फर्मवेअरवाली:
असहमत, आणि "फक्त बघायला" हेच मला पटत नाही. बघणं फुकट नसतं. टॉपिक एको केलं (त्यावरचे मेसेज टर्मिनलवर बघितले) की नेटवर्कवर एक नवीन सबस्क्रायबर (मेसेज घेणारा) उभा राहतो. ६४० बाय ४८० चा साधा रंगीत कॅमेरा, सेकंदाला ३० फ्रेम, कॉम्प्रेस न करता, म्हणजे सेकंदाला सत्तावीस एमबीच्या वर डेटा, आणि तो तुम्ही त्याच वायफायवरून ओढणार ज्यावर रोबोटचं बाकी बोलणं चाललंय. माणूस एकदा बघून कंट्रोल-सी मारतो, एजंट दहा टॉपिक एकदम उघडून बसेल.

दुसरं म्हणजे दार. यातली बरीच टूल्स रॉसब्रिजमधून (बाहेरच्या प्रोग्रामना रॉसशी जोडणारा पूल) जातात, पोर्ट ९०९०, आणि आपणहून काही केलं नाही तर त्याला पासवर्ड वगैरे काहीही नसतं. ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१७-१८ मधे इंटरनेट स्कॅन केलं तेव्हा शंभरावर रॉस मास्टर (जुन्या रॉसमधे नोडची एकमेकांशी गाठ घालून देणारा प्रोग्राम) उघडे सापडले होते. तेव्हा तर एजंट नव्हतेच. बॅग (टॉपिकवरच्या मेसेजचं रेकॉर्डिंग) रेकॉर्ड करा आणि ती द्या त्याला, रोबोटला हात लावायची गरज काय?

लिडारवाला:
ताई, वायफायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बॅगेत पब्लिशरचं (मेसेज पाठवणाऱ्याचं) क्यूओएस, म्हणजे बेस्ट एफर्ट की रिलायबल वगैरे सेटिंग, येतं, सबस्क्रायबरचं येत नाही. म्हणजे मी वर दिलेल्या पहिल्याच केसमधे भांडणाची एकच बाजू बॅगेत आहे. पॅरामीटरचंही तेच, बदल झाला तर त्याची नोंद मिळेल, पण लाँच होतानाच जी किंमत चुकीची बसली ती रेकॉर्डिंग नंतर सुरू केलं तर कुठून कळणार?

जुनाजाणता:
नासाचं मंगळावरचं पाथफाइंडर यान आठवा. जुलै १९९७, मंगळावर उतरल्यावर काही दिवसांतच कॉम्प्युटर आपोआप रिसेट व्हायला लागला. हवामानाचं कमी प्रायॉरिटीचं टास्क लॉक धरून बसायचं, मधल्या प्रायॉरिटीची टास्क त्याला चालू द्यायची नाहीत, वरच्या प्रायॉरिटीचं डेटा-बसचं टास्क ताटकळायचं आणि वॉचडॉग (काम वेळेत झालं नाही तर रिसेट करणारी सोय) सगळं पाडायचा. जेपीएलच्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या सिस्टिमवर ट्रेसिंग लावून तो प्रकार पुन्हा घडवला आणि मग प्रायॉरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्या टास्कला तात्पुरती वरची प्रायॉरिटी देणं) चालू करणारा बदल वर पाठवला. तपासायची सोय उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधे ठेवली होती म्हणून हे जमलं. बघायची सोय हवीच हो. पण लक्षात घ्या, प्रयोग जुळ्यावर केले, मंगळावरच्यावर नाही.

चाकणकर:
आमच्याकडे फ्लोअरवर एएमआर (स्वतः वाट काढत फिरणारे रोबोट) फिरतात आणि शेजारून माणसं चालत असतात, त्यामुळे मला एवढंच विचारायचंय की "फक्त बघायला" हे कुठे लिहिलंय? प्रॉम्प्टमधे लिहिलं असेल तर ती विनंती झाली, बंधन नाही. उद्या एजंटला वाटलं की चाक फिरतंय का बघावं म्हणून वेगाच्या टॉपिकवर एक मेसेज टाकू, तर अडवणार कोण? इमर्जन्सी स्टॉप हार्डवेअरमधेच असतो ते ठीक आहे, पण तो शेवटचा उपाय आहे, रोजचा नाही.

लिडारवाला:
बंधन डीडीएसच्या (रॉस २ च्या खालचा मेसेज वाहून नेणारा थर) पातळीवर घाला. एसरॉस २ मधे (रॉस २ ची सुरक्षेची सोय) नोडनुसार परवानगी देता येते, आणि पॅरामीटर वाचणं आणि बदलणं या मुळातच दोन वेगळ्या सर्व्हिस आहेत, लाइफसायकल नोडची (चालू, थांबलेला अशा ठरलेल्या अवस्था असलेला नोड) अवस्था विचारणं आणि बदलणं याही वेगळ्या. वाचायच्या तेवढ्या द्यायच्या, पब्लिशची परवानगी एकाही टॉपिकला नाही. मग मॉडेलला काहीही वाटू दे, त्याचा मेसेज पोचणारच नाही.

फर्मवेअरवाली:
एसरॉस चालू करून ठेवणारे किती जण ओळखता तुम्ही? मुळात ते बंद असतं आणि सर्टिफिकेटचा व्याप बघून लोक बंदच ठेवतात. आधी ते चालू करा, मग एजंट जोडा. उलट क्रमाने करणाऱ्याला माझा विरोध कायम आहे.

चाकणकर:
ताईंना +१. आणि अजून एक, कॅमेऱ्यात आमची माणसं दिसतात. त्या फ्रेम बाहेरच्या सर्व्हरवर मॉडेलकडे जाणार असतील तर आधी त्या माणसांना विचारा.

लिडारवाला:
बरोबर आहे दादा. इमेजचे टॉपिक परवानगीच्या यादीतच नकोत. नोडची यादी, क्यूओएस, पॅरामीटर आणि लॉग, एवढ्यात वरच्या दोन्ही केस सुटतात, फ्रेम लागतच नाही.